पंधरावा पेपर

१ जानेवारी, सकाळी ६.४०

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीनच, पण पाळायचे. एक: एच-इंडेक्स चौदाचा पंधरा करणे. दोन: रोज अर्धा तास चालणे. तीन: या वहीत फक्त खरं लिहिणे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहून फायदाही नाही.

चहा घेताना हिला एच-इंडेक्स समजावला. हिने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे लगेच कळलं. म्हणाली, म्हणजे तुमचे पंधरा पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा उल्लेख निदान पंधरा जणांनी आपापल्या पेपरात केलाय. म्हटलं, बरोबर. चौदा तसे आहेत. पंधराव्याचं घोडं नवावर अडलंय. तिने विचारलं, त्या नऊ जणांनी तरी कशासाठी केलाय? नवापैकी चार उल्लेख माझेच आहेत हे सांगितलं नाही. तिने ते विचारलं नव्हतं.

चालणं उद्यापासून. आज धुकं आहे.

६ जानेवारी

संशोधन केंद्राच्या संचालकपदाची जाहिरात आली. अट: एच-इंडेक्स किमान पंधरा. मुलाखती जूनमध्ये. मला हुरूप यावा म्हणूनच ही अट घातली असावी. शेजारच्या लॅबमधले यीस्टवाले सरही अर्ज करणार असं ऐकतो. त्यांचा अडतीस आहे. पण यीस्ट ही काय बुरशी झाली? पावात घालतात ती.

पंधरावा पेपर म्हणजे माझा दहा वर्षांपूर्वीचा, ओल्या भिंतीवरच्या बुरशीवरचा. नवी जात शोधली, तिच्या डीएनएचा क्रम सार्वजनिक डेटाबेसमध्ये माझ्या नावाने नोंदवला. जगभरच्या लॅब बुरशी ओळखायला तो डेटाबेस वापरतात. बुरशी निरुपद्रवी, नेहमीच्या औषधाने मरणारी, अगदी गरीब गाय. तशा क्रमाची जगात ती एकमेव नोंद आहे. अभिमानाने सांगावं असं काम. कोणी विचारत मात्र नाही.

२१ जानेवारी

एकतीस शास्त्रज्ञांना मेल केली. ‘माझा सोबतचा पेपर आपल्या नजरेतून सुटला असावा.’ उत्तरं तीन आली. पहिले रजेवर. दुसरे रजेवर. तिसरे गृहस्थ गेल्या वर्षीच वारले, त्यांच्या मुलाने कळवलं. त्याला सांत्वनाचं उत्तर लिहिलं. त्याला पेपर जोडला नाही. मोह झाला होता.

चालणं: डावी टाच दुखते.

३ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

दहा!

कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलच्या लोकांनी उल्लेख केलाय. किडनी बदललेल्या रुग्णांना होणाऱ्या संसर्गाबद्दल आहे काहीतरी. शीर्षक वाचलं, मग थेट संदर्भांची यादी. माझं स्पेलिंग बरोबर आहे. मधला भाग डॉक्टरी.

घरी येऊन हिला सांगितलं, माझी बुरशी भिंतीवरून थेट हॉस्पिटलात पोचली. ही म्हणाली, अहो, पण ही चांगली बातमी आहे का?

गणितवाल्यांना इम्पॅक्ट कळत नाही.

१२ फेब्रुवारी

प्रश्नचिन्हाची मेल. ही माझी जुनी विद्यार्थिनी. दर दोन मिनिटांनी हात वर करायची म्हणून मीच लाडाने ते नाव ठेवलं होतं. दहा वर्षांपूर्वी पीएचडी मध्येच सोडून गेली. कारण अगदी क्षुल्लक. आता मेलचा विषय: ‘सर, एक तातडीची विनंती.’ शिफारसपत्र हवं असणार. ज्यांनी पाठ फिरवली त्यांना तातडीने पत्र देण्याची माझी पद्धत नाही. उघडली नाही.

२७ फेब्रुवारी

बारा! एका महिन्यात तीन. हॉस्पिटलवाल्यांचा पेपर रंगीत छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर सहज ठेवला. पाहुणे आले तर विषय निघेल.

प्रश्नचिन्हाची दुसरी मेल. चिकाटी आहे पोरीत.

२ मार्च

पाहुणे आले नाहीत. पेपर हिनेच वाचला. दुसऱ्या पानावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आणि म्हणाली, अहो, तुम्ही हे वाचलंत? म्हटलं, वरवर. म्हणाली, मग आता नीट वाचा. म्हटलं, चष्मा लॅबमध्ये राहिलाय.

चष्मा नाकावर होता हे मागाहून लक्षात आलं. ती ताटं उचलून आत गेली.

१८ मार्च, दुपारी ४

लॅबच्या लँडलाइनवर फोन वाजला. कोणाचा ते दिसत नाही, म्हणून उचलला गेला. प्रश्नचिन्ह. त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती आता काम करते. शिफारसपत्र नको होतं.

तिचं म्हणणं थोडक्यात. रुग्णांच्या फुप्फुसात बुरशी सापडली. तिचा क्रम डेटाबेसशी ताडून पाहिला, तर माझ्या नोंदीशी तंतोतंत जुळला. माझी बुरशी नेहमीच्या औषधाने मरते, म्हणून तेच औषध दिलं. लागू पडलं नाही. असे चार रुग्ण. तीन गेले. चौथ्याला डॉक्टरांनी वैतागून दुसरं, जालीम औषध दिलं, तो वाचला. मग यांनी मुळापासून शोध घेतला. तो क्रम माझ्या भिंतीवरच्या बुरशीचा नाहीच. शेजारच्या प्लेटमधल्या दुसऱ्या, घातकी बुरशीचा आहे. लेबलांची अदलाबदल.

म्हणाली, सर, आमच्या हॉस्पिटलला कळलं, पण बाकीचे अजून तीच नोंद बघतायत. डेटाबेसवाल्यांना लिहिलं तर ते म्हणतात, ज्याने नोंद केली त्यालाच ती मागे घेता येते. म्हणून तुम्हाला तीनदा मेल केली.

मी शांतपणे ऐकून घेतलं. बघतो, म्हणालो.

१९ मार्च

तिचं म्हणणं तपासण्यासारखं आहे, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण प्रक्रिया किचकट असणार. समिती, चौकशी, कागदपत्रं. शिवाय नोंद मागे घेतली की पेपर मागे घ्या म्हणतील. पेपर गेला की पंधरावा गेला. मुलाखत १२ जूनला आहे. १३ जूनचं पहिलं काम हेच. दहा वर्षं ती नोंद तिथे आहे, आणखी तीन महिन्यांनी काय आभाळ कोसळणार?

आमच्या लॅबमधले मामा तीस वर्षं प्लेटा धुतायत. त्यांना सहज विचारलं, तो फ्रिजचा प्रकार आठवतो का? म्हणाले, न आठवायला काय झालं सर? चार दिवसांची सुट्टी, फ्रिज बंद पडलेला, सगळीकडे पाणीच पाणी. प्लेटांवरची नावं पुसली. तुम्ही खुर्चीत बसून आठवून आठवून पुन्हा लिहिलीत. तुमच्या त्या पीएचडीवाल्या बाई म्हणत होत्या, सर, पहिल्यापासून करू या, तीन महिने लागतील. तुम्ही म्हणालात, पेपर द्यायला आठ दिवस उरलेत. एका प्लेटवरचं नाव तर तुम्ही दोनदा बदललंत.

मामांचं आता वय झालंय.

६ एप्रिल

चौदा. अर्जात एक नवीन ओळ घातली: ‘संशोधनाची वैद्यकीय क्षेत्रात वाढती दखल.’ शब्द न् शब्द खरा आहे.

कोट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, पोट धरून माप घेऊ की सोडून? म्हटलं, मुलाखतीच्या दिवशी असेल तसं. म्हणाला, मग सोडूनच घेतो.

चालणं: ऊन फार.

२ मे, सकाळी ११.३०

पंधरा!!

एच-इंडेक्स पंधरा. विभागात चॉकलेटं वाटली. पंधरावा उल्लेख कोणाचा? खुद्द प्रश्नचिन्हाचा. अख्खा पेपर माझ्या एका नोंदीवर लिहिलाय. शीर्षकातच माझ्या बुरशीचं नाव. शिष्येने दिलेली गुरुदक्षिणाच म्हणायची. शीर्षकात ‘चुकीची’ असाही एक शब्द आहे, पण मोजणाऱ्या यंत्राला विशेषणं कळत नाहीत.

यीस्टवाल्यांनी चॉकलेट हातात घेतलं आणि विचारलं, तिचा पेपर वाचलात? म्हटलं, वाचायचाय. त्यांनी चॉकलेट परत डब्यात ठेवलं. मधुमेह असावा.

हिला फोन करून सांगितलं. बरं, म्हणाली.

२४ मे, सायंकाळी ५

प्रश्नचिन्ह स्वतः आली. न कळवता. चार तास बसचा प्रवास करून. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे, तेही पस्तिशीत. मामांना नमस्कार केला, मामांनी तिच्या मुलाची चौकशी केली. तिला मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं.

पाणी प्यायली आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या शहरातलं, दुसरं हॉस्पिटल. शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई, वय एकेचाळीस. किडनी बदललेली. भावानेच दिली होती. २९ एप्रिलला खोकला म्हणून दाखल झाल्या. २ मेला बुरशीची ओळख पटली. नेहमीचं औषध सुरू. सतरा दिवस तेच. १९ मेला गेल्या. अहवालात खाली बारीक अक्षरांत नोंद क्रमांक दिलाय. माझा.

म्हटलं, वाईट झालं. पण औषध डॉक्टरांनी ठरवलं. माझा पेपर भिंतीवरच्या बुरशीबद्दल आहे, मी कोणाला औषध लिहून दिलेलं नाही.

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, सर, त्या दाखल झाल्या तेव्हा मी तुम्हाला फोन केला त्याला सहा आठवडे होऊन गेले होते.

मग म्हणाली, मी आज भांडायला आले नाही. तुम्ही आत्ता माझ्यासमोर तो फॉर्म भरा, मी सहाची बस पकडते.

म्हटलं, लॅबचं इंटरनेट आज बंद आहे. माझ्या कॉम्प्युटरवर उल्लेख मोजणाऱ्या वेबसाइटचं पान उघडं होतं. स्क्रीन तिच्याकडे नव्हती. तिने उठून बघितलं नाही. मान डोलावली. पायऱ्या उतरताना मामा तिची पिशवी घेऊन खालपर्यंत गेले.

मुलाखत एकोणीस दिवसांवर. १३ जूनला सकाळी पहिलं काम. ठरलं.

२५ मे

हिला सांगायला नको होतं, पण जेवताना तोंडातून निघून गेलं. हिने विचारलं, त्या बाईंना मुलं होती का? म्हटलं, माहीत नाही. विचारलं नाहीत? म्हटलं, त्याचा विषयाशी संबंध नव्हता.

हिने हात धुतला. ताटात अर्धं तसंच.

५ जून

ही घरात माझ्याशी कामापुरतं बोलते. गॅस संपत आलाय. दूधवाला उद्या येणार नाही. मुलाखतीचं दडपण घरातल्या माणसांवरही येतं, समजू शकतो.

आरशासमोर सराव केला. ‘माझ्या संशोधनाने प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडल्या आहेत.’ कोट चांगला बसतो. बटण लावलं नाही तर.

१२ जून, सायंकाळी ६

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतो.

समितीत पाच जण. बाहेरून आलेल्या एक वयस्कर तज्ज्ञ बाई होत्या. बाकीच्यांनी शिकवण्याबद्दल विचारलं, ते छान गेलं. मग बाई म्हणाल्या, तुमचा हा एक पेपर दहा वर्षं पडून होता. जानेवारीत नऊ उल्लेख, आज अठरा. एवढं काय झालं?

भिंती ओलांडल्याचं वाक्य बोललो.

त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. म्हणाल्या, या नऊ नवीन पेपरांत तुमच्याबद्दल एकेक वाक्य आहे, वाचते. आणि वाचली. पहिल्यात ‘चुकीच्या नोंदीमुळे उपचारास विलंब’. दुसऱ्यात ‘सदोष ओळख’. तिसऱ्यात पुन्हा ‘चुकीची’. चौथ्यात ‘विश्वास ठेवू नये अशा नोंदींचे ठळक उदाहरण’. बाई हळूहळू वाचत होत्या, स्वल्पविरामाला थांबत होत्या. पाचव्यानंतर मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. नऊच्या नऊ वाचल्या. पंखा फार आवाज करत होता.

मग विचारलं, यातलं तुम्ही काय काय वाचलंय?

म्हटलं, शीर्षकं.

त्या म्हणाल्या, मी आज सकाळी बघितलं, नोंद अजून तिथेच आहे. का?

म्हटलं, प्रक्रिया किचकट असते. उद्या करणारच होतो.

उद्याच का, असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तराची गरज होती असं वाटलं नाही. अध्यक्ष म्हणाले, या तुम्ही.

१३ जून

विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. संचालकपदी यीस्टवाले सर. शिवाय विद्यापीठ जर्नलला माझ्या पेपरबद्दल पत्र लिहिणार आहे. मॅडम म्हणाल्या, नोंद काढलीत ना? म्हटलं, आजच बसतोय. त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

डोकं दुखत होतं. अशा मनःस्थितीत फॉर्म भरला तर चुका होतात. उद्या.

१४ जून

ही दोन दिवसांसाठी मुलीकडे गेली. मोठी बॅग घेतली. मी म्हटलं, दोन दिवसांना एवढी मोठी? म्हणाली, अहो, जरा वाट सोडा, रिक्षा उभी आहे.

संध्याकाळी मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईने मला सगळं सांगितलंय. मग म्हणाली, मला तुमच्या पेपरांतलं कधीच काही कळलं नाही, पण हे कळलं. फोन तिनेच ठेवला.

१५ जून

रविवार. तरी लॅबमध्ये गेलो, घरात आवाज येत नव्हता. मामा आले होते. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत, म्हणून कपाट आवरत होते. जुनी रजिस्टरं बाहेर काढून ठेवली होती. एक उघडून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, सर, परवा विद्यापीठाची माणसं येऊन ही घेऊन जाणार आहेत. तुम्ही आधी बघून घ्या.

दहा वर्षांपूर्वीचं पान. पाण्याचा डाग. माझं अक्षर, तेव्हा बरं होतं. ‘फ्रिज बंद. लेबलं पुन्हा लावली. सात-अ आणि सात-ब: खात्री नाही.’

‘खात्री नाही’च्या खाली रेघ मारलेली. तीही माझीच. त्याच्यापुढे आठ दिवसांनी, वेगळ्या पेनने: ‘पेपर पाठवला.’

मामांना म्हटलं, हे पान कोणी बघितलं नव्हतं. मामा म्हणाले, बाईंनी तेव्हाच बघितलं होतं, सर. म्हणून तर त्या पीएचडी सोडून गेल्या. मला म्हणाल्या होत्या, सरांना माहीत आहे.

मामा पुढचं रजिस्टर पुसायला लागले. मी तिथेच बसून राहिलो. दुपारी मामांनीच चहा आणून ठेवला, तो गार झाला.

१६ जून, सकाळी ७.१०

डेटाबेसच्या पानावर गेलो. नोंद मागे घेण्याचा फॉर्म. समिती नाही, चौकशी नाही. एकच पान. नाव. नोंद क्रमांक. कारण यादीतून निवडायचं: ‘नमुन्याची चुकीची ओळख’. निवडलं.

शेवटची चौकट: चूक केव्हा लक्षात आली? तारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

१२ जून टाकली. खोडली. १८ मार्च टाकली. ती बराच वेळ तशीच ठेवली. गाण्याच्या बाई तेव्हा कुठल्यातरी वर्गात शिकवत असतील. खोडली.

मग रजिस्टरमधली, दहा वर्षांपूर्वीची तारीख टाकली.

पाठवलं. नोंद काढल्याचं उत्तर लगेच आलं, यंत्राकडून. सगळं मिळून चार मिनिटं लागली. त्यातली तीन तारखेला.